कापून टाकलेले अकरा सेकंद

सोपान मरगळे. टेकडीवरचे रोजंदारीवरचे पहारेकरी. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वासात वाजता, कोथरूडच्या मागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या वरच्या उतारावर मी या माणसाचं नुकसान केलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती व्हिडिओवर आहे. आणि व्हिडिओ मी काढला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — परवा एका बाईंना सांगितलं, त्यांचं पुढे येईलच. त्या सोडल्या तर तुम्हीच. आमच्या गटाला नाही, आईला नाही. बाबांना तर नाहीच, आणि बाबांना न सांगण्याचं कारण हाच या सगळ्याचा अर्धा भाग आहे.

मी पत्रकं लिहिते. तुमच्या सोसायटीच्या फलकावर, क्लासच्या जिन्यात, बसथांब्यावर टेकडीबद्दलचं लाल अक्षरांतलं काही वाचलं असेल, तर ते बहुतेक माझं. मला हे काम शुभाताईंनी शिकवलं. सदाशिव पेठेत मी पेइंग गेस्ट म्हणून राहायचे, तिथून दोन गल्ल्या सोडून त्या राहतात — निवृत्त शिक्षिका, टेकडी वाचवायच्या आमच्या गटाच्या सगळ्यात जुन्या सभासद. माझं पहिलं पत्रक त्यांनी चष्मा खाली ओढून वाचलं आणि म्हणाल्या, “छान आहे. आता यात तुला काय म्हणायचंय ते लिही.” मग नियम सांगितला. एक पान, एक चेहरा, एक मागणी. लोक दोन पानं वाचत नाहीत, दोन चेहरे लक्षात ठेवत नाहीत, दोन मागण्या ऐकत नाहीत.

नियम चांगला आहे. त्यात खोट नाही. खोट कुठे आहे ते सांगते — पण बघा, सरळ सांगायची सवय असलेली मी, आणि इथे मला एका पानात सांगता येत नाहीये.

आधी आम्हाला चेहरा का हवा होता ते सांगू द्या. सबब म्हणून नव्हे. दर मार्च-एप्रिलमध्ये टेकडी पेटायची. एखाद्या दुपारी धूर दिसायचा, संध्याकाळी अख्खा उतार काळा. कुणी लावली? कधीच कळायचं नाही. सिगारेट, बाटल्या घेऊन बसणारी टोळकी, नवं गवत लवकर यावं म्हणून काडी टाकणारा कुणी — आणि आमचा पक्का संशय असा, की जमिनीवर डोळा असणारे. टेकडी आधी जळते, मग सपाट होते, मग तिथे पाटी लागते. हे वाक्य माझंच. आम्ही पावसाळ्यात रोपं लावायचो, त्यांच्या मुळाशी पाण्याच्या बाटल्या उलट्या खोचायचो, उन्हाळ्यात ती जळायची. दरवर्षी. तुम्ही तीन उन्हाळे स्वतः लावलेला बहावा जळताना बघितलात तर तुम्हालाही कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटेल. आम्हाला वाटायची. पण गचांडी कुणाची?

तर तो रविवार.

मी एकटी वर गेले होते. थंडी होती, गवतावर दव होतं, मोजे कुसळांनी भरले होते. टाकीच्या वर वळले आणि धुराचा वास आला. आणि तो वास मला ओळखीचा होता.

मी मूळची पुण्याची नाही. बोलण्यावरून आता कुणाला कळत नाही, त्यासाठी मी बरीच मेहनत घेतली आहे. मी चंद्रपूरकडची. माझे बाबा वनरक्षक होते. दर हिवाळ्यात ते मजुरांना घेऊन जंगलात जायचे आणि जाळरेषा काढायचे. जाळरेषा म्हणजे — गवत वाळून पुरतं पेटाऊ व्हायच्या आत, सकाळच्या दवात, जंगलातून एक लांब पट्टा मुद्दाम जाळून काढायचा. आधी दोन्ही कडांचं गवत कापून बाजूला ओढायचं, मग मधलं जाळायचं, मागून माणूस हिरव्या फांदीने कडा झोडपत येतो. दवामुळे आग घोट्याच्या वर चढत नाही. मग उन्हाळ्यात खरा वणवा आला की तो त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबतो. पुढे जाळायला काही नसतं. बाबांचा खाकी शर्ट आई त्या दिवसांत वेगळा भिजवायची. माझ्या लहानपणी हिवाळ्याचा वास तोच होता.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं ना? आमच्या अख्ख्या गटात — डॉक्टर, प्राध्यापक, कॉम्प्युटरवाले, निवृत्त अधिकारी — जाळरेषा म्हणजे काय हे बघताक्षणी ओळखू शकेल अशी मी एकटी होते. आणि मी ओळखलं.

एक माणूस वाकून चालत होता. हातात काठीला बांधलेला पेटता पेंढा. त्याच्या दोन्ही बाजूंना गवत नीट कापलेलं, ओढून ठेवलेलं. मागे थोड्या अंतरावर दुसरा, फांदी घेऊन. टेकडी पेटवायला आलेला माणूस आधी कडा कापून घेतो का हो? घेत नाही. मला ते दिसत होतं. मी बघत होते.

आणि मी मोबाइल काढला.

का? याचं उत्तर मी तीन वर्षं शोधते आहे असं म्हणायला बरं वाटलं असतं. शोधायला लागत नाही. उजेड छान होता. सूर्य नुकता वर आलेला, मधे धूर, धुरात हातात आग घेतलेला माणूस, आणि खाली अख्खं कोथरूड. असं दृश्य वर्षातून एकदा मिळतं, एवढंच माझ्या मनात आलं. याहून मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

सात सेकंद तो नुसता चालतो. मग त्याला मी दिसते. तो थांबतो, पेंढा जमिनीकडे धरतो आणि बोलतो. ते सगळं आत आहे.

“ताई, जरा लांब ऱ्हावा, धूर लागंल. ह्यो पट्टा जाळतोय आमी. म्होरं उन्हाळ्यात खालनं वणवा आला तर हितं त्येला खायला काय गावायला नको.”

आणि हसतो. अकरा सेकंद.

मी मान हलवली, “बरं काका” म्हणाले, नाव विचारलं नाही. खाली उतरले. टाकीच्या कठड्यावर बसून ते अकरा सेकंद कापले. बोटाने, असं मागे सरकवून. उरलेले सात सेकंद आमच्या ग्रुपवर टाकले आणि वर लिहिलं — ‘आपली टेकडी कोण जाळतंय? बघा.’

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. नुसता प्रश्न. मला तो असाच लिहायला येतो.

संध्याकाळपर्यंत तो सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर होता. तुम्हीही पाहिला असेल. पुढे पाठवलाही असेल. सोमवारी पत्रक निघालं : एक पान, एक चेहरा, एक मागणी. चेहरा सोपानकाकांचा, मागणी ‘टेकडीवर ज्वाळा नकोत’. छापायला देण्याआधी शुभाताईंनी विचारलं, “प्रणाली, खात्री आहे ना?” मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवणं ही त्यांची त्या सगळ्यातली एकमेव चूक.

मग बाबांचा फोन आला. कुणीतरी फिरवत फिरवत तो व्हिडिओ तिकडे चंद्रपूरपर्यंत नेला होता. बाबा आधी इकडचं तिकडचं बोलले, जेवलीस का वगैरे. मग म्हणाले, “माय, तो बुवा तर जाळरेषा काढून राहिला ना वो. मंग तुमी लोक कायले बोंबलून राहिले?”

मी म्हणाले, “बाबा, इथलं वेगळं असतं.”

ते म्हणाले, “असंल बा.” माझ्या बाबांनी उभा जन्म जंगलात काढला, आणि मी शिकलेली म्हणून त्यांनी स्वतःचे डोळे खोटे मानले. पुढे कधी तो विषय काढला नाही. मीही नाही.

त्यानंतर जे झालं त्याला आम्ही विजय म्हणायचो.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आमचं शिष्टमंडळ गेलं. तिथे एक तरुण अधिकारी होते. त्यांनी टेबलावर टेकडीचा नकाशा पसरला. त्यावर लाल रेघा काढल्या होत्या — कुठून कुठे जाळरेषा जाणार, कुठे दिवाळीनंतर गवत कापणार, उन्हाळाभर कुठल्या तीन जागांवर माणूस बसणार, धूर दिसल्यापासून माणूस पोचायला किती वेळ लागेल. चांगली योजना होती. बाबांनी पाहिली असती तर मान डोलावली असती. ते गृहस्थ समजावून सांगत होते, आणि आमच्यातले दोघं-तिघं ऐकायला लागले होते. हे मला दिसलं. मग मी बोलले.

“अहो, आग लागू नये म्हणून आग लावता? मग पूर येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवा.”

सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला. ते वाक्य नंतर फलकावर आलं, टी-शर्टवर आलं. नकाशा त्या खोलीत त्या अधिकाऱ्यांच्या खालोखाल मलाच कळत होता, आणि मी त्यांना हसण्यावारी नेलं. त्यांनी नकाशाची घडी घातली. “ठीक आहे,” म्हणाले, “आपली तशी इच्छा असेल तर नाही काढत.”

त्या वर्षीची रेषा अर्धवटच राहिली. पुढच्या वर्षासाठी नवीन योजना आली. वाटेवर पाट्या — ‘आग लावणे हा गुन्हा आहे’. खांबावर एक कॅमेरा. पाटीवर फोन नंबर. माणूस एकही नाही. आणि ज्यांचा चेहरा पत्रकावर होता, त्यांना कंत्राटदाराने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कुणी चौकशी केली नाही, कुणी आरोप ठेवला नाही. वाद नको, एवढंच.

सोपानकाका मुळशीच्या पलीकडचे, पण कितीतरी वर्षं टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत राहत होते. काम गेलं तरी वाट तीच. सकाळी ते दूध आणायला निघायचे तेव्हा आमचे फिरायला येणारे सभ्य लोक बोलणं थांबवायचे. एकाने तर विचारलं होतं, “काय मामा, आज कुठे काडी?” हे मी ऐकलं. मी तिथेच होते, बुटाची नाडी बांधत. नाडी सुटलेली नव्हती.

आता जे सांगायचंय ते मला व्हिडिओपेक्षाही जड जातंय.

जूनमध्ये ते माझ्याकडे आले. मी कोथरूडच्या एका छोट्या ऑफिसात काम करते. विचारत विचारत तिथे आले, चपला बाहेर काढून दारात उभे राहिले. मला वाटलं, आलं आता. ते म्हणाले, “ताई, तुमी चांगलं लिवता म्हनं. मला एक अर्ज लिवून द्या, कामावर घ्या म्हनून.” आणि मग म्हणाले, “त्या दिशी तुमी व्हता की तितं. मी सांगितलं तुमास्नी, पट्टा जाळतोय म्हनून. कुनीतरी लांबनं फोटू काढला बगा. तुमी सांगा सायबाला.”

कुणीतरी लांबून.

ज्या मुलीशी आपण बोललो, जिला धूर लागेल म्हणून लांब राहा म्हटलं, तिनेच हे केलं असेल — हे त्या माणसाच्या डोक्यात येतच नव्हतं. ते माझ्याकडे साक्षीदार म्हणून आले होते.

मी अर्ज लिहिला. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सुरेख अर्ज लिहिला. त्यात ‘गैरसमजुतीतून’ असं लिहिलं. ‘काही नागरिकांनी’ असं लिहिलं. मी तिथे होते हे लिहिलं नाही. माझी सही केली नाही. वाचून दाखवला, ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. “झ्याक लिवलंय,” म्हणाले. अर्ज घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. त्या अर्जाचं काहीही झालं नाही — होणारच नव्हतं. त्याला ज्या एका वाक्याचा आधार हवा होता ते माझ्याजवळ होतं.

पुढच्या मार्चमध्ये टेकडी पेटली.

दुपार होती. ऑफिसच्या गच्चीवरून धूर दिसला. पाटीवरचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, तो लावला, वाजत राहिला. मी स्कूटर काढली. त्या वर्षी पाऊस भरपूर झालेला, गवत कमरेएवढं. टाकीच्या वर पोचले तेव्हा आग खालच्या उतारावरून चढत येत होती. मी नेमकी तिथेच उभी होते, जिथून व्हिडिओ काढला होता. समोर पट्ट्याची जागा होती. आदल्या वर्षी अर्धवट जळालेली, आता गवताने भरलेली. मी बघत होते. मला वाटत होतं, निदान इथे जरा तरी अडखळेल. आग तिथे आली आणि एकदाही न थांबता पुढे गेली. कडेला आमची रोपं होती. मुळाशी खोचलेल्या बाटल्या वितळून जमिनीला चिकटल्या. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. तिची अंडी खालीच कुठेतरी असणार.

आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. हातात बादल्या, पाण्याच्या बाटल्या. कुणाला काही येत नव्हतं. आणि वर, नव्या रोपांच्या आणि आगीच्या मधे, एक माणूस विळ्याने गवत कापत होता. एकटा. शेजारी भिजवलेलं पोतं. कुणाच्या हजेरीवर नसलेला, कुणी न बोलावलेला. ते आत्ता, आग समोर दिसत असताना, तो पट्टा काढायला बघत होते.

मी त्यांच्याकडे धावले. तेवढ्यात वारा फिरला.

धूर सरला तेव्हा ते उभे होते. दोन्ही हात पुढे धरलेले, कोपरापर्यंत भाजलेले. ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत होते. मी अजून जवळ जायला लागले तर म्हणाले, “ताई, लांब ऱ्हावा.”

तेच शब्द. त्यांना ते आठवत नसणार. कशाला आठवतील? ते सगळ्यांनाच तसं म्हणत असणार.

हात बरे झाले असं म्हणतात, तसे झाले. बोटं आत वळली ती वळलीच. नंतर ते कोथरूडमध्येच एका सोसायटीच्या फाटकावर बसायचे. येणाऱ्याचं नाव वहीत लिहायला पेन धरता यायचं नाही, म्हणून वही पुढे सरकवायचे — “तुमीच लिवा.” मी त्या रस्त्याने जायचे. टाळता आला असता तो रस्ता. नाही टाळला, आणि त्याचंही मला कौतुक वाटायचं. ते वाकडा हात वर करायचे. मी थांबून चौकशी करायचे. थंडीत मी त्यांना एक स्वेटर नेऊन दिला. निळा. तो त्यांनी माझ्यासमोर घातला, हात बाहीतून जाईना म्हणून मी मदत केली. एक वाक्य सांगायचं होतं, त्याऐवजी मी स्वेटर दिला.

आणि गटात? आगीनंतर सगळं उघड झालं. जाळरेषा म्हणजे काय, ती काढली असती तर काय झालं असतं, हे कुणीतरी जाणकारांनी बैठकीत येऊन समजावून सांगितलं. शुभाताई रडल्या — मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. “आपल्याला माहीत नव्हतं गं,” त्या माझा हात धरून म्हणाल्या. “आपली माहिती चुकली.” तेव्हापासून गटात हेच बोलतात. आपली माहिती चुकली. आपल्याला माहीत नव्हतं. दर वेळी मी मान हलवते. बावीस-तेवीस माणसं, सगळी आपापल्या जागी कुढतात — आणि त्यांतली एकही तेवढी दोषी नाही. त्यांच्या पश्चात्तापाच्या आड मी दोन वर्षं निवांत बसले आहे.

सोपानकाका या डिसेंबरात गेले. छातीचं दुखणं होतं. डॉक्टर वेगवेगळं सांगत होते. त्या धुरानेच गेले असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. आणि नक्की माहीत नाही याचा आडोसाही मी घेणार नाही.

त्यांना सांगायचं राहून गेलं, असं मी गेल्या महिन्यात स्वतःला म्हणत होते. राहून गेलं नाही. मी ठेवलं.

आता हे लिहायचं निमित्त. क्षेत्रीय कार्यालयाने पुन्हा जाळरेषा काढायचं ठरवलं आहे. नवे अधिकारी, नकाशा बहुतेक तोच. लोकांचा विरोध होईल अशी त्यांना भीती आहे, आणि ती का आहे हे तुम्हाला आता कळलं असेल. आमच्या गटाने पाठिंबा द्यायचं ठरवलं, आणि पत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. शुभाताईंनी फोनवर सांगितलं, “पहिलंच वाक्य घाल — तेव्हा आमची माहिती चुकली होती. मोकळेपणाने कबूल करू.” मी चार दिवस कागद पुढे घेऊन बसले. ते वाक्य मला लिहिता येईना. आमची नाही. माहिती नाही. चुकली तर नाहीच नाही.

परवा मी वस्तीत गेले. त्यांच्या बायकोकडे, पारूबाईंकडे. त्या दारात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. बस म्हणाल्या, मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं — वास, उजेड, अकरा सेकंद, अर्ज, स्वेटर. मधेच थांबले असते तर पुन्हा कधी सुरू करता आलं नसतं. त्यांचे हात चालूच होते. काडी वेगळी, पाला वेगळा. मी संपवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग त्ये कापल्यालं कुटं हाय?”

मला आधी कळलंच नाही.

“त्ये बोलत्यात त्ये.”

ते माझ्याजवळ होतं. पूर्ण अठरा सेकंद. पुसून टाकायला मी कितीदा तरी बोट नेलं होतं, आणि दर वेळी काढून घेतलं होतं. लावून दिलं. पारूबाईंनी पदराला हात पुसले, मोबाइल घेतला, आणि चित्राकडे बघितलंच नाही. फोन आल्यासारखा तो कानाला लावला.

ऐकलं. मला म्हणाल्या, आणि एकदा लाव. पुन्हा ऐकलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी मोबाइल परत दिला आणि भाजी निवडायचं सूप पुढे ओढलं. मी वाट बघत होते. कशाची, कोण जाणे. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

“मला सांगून काय उपेग?” त्या म्हणाल्या. “त्ये काय करीत हुते, मला ठावंच हुतं. ज्येंला ठावं न्हाई त्येंला सांग.”

म्हणून सांगते आहे. पारूबाईंनी मला माफ केलं नाही, मी माफी मागितलीही नव्हती. तुमच्याकडेही मागत नाही. शुभाताईंना हे छापून आल्यावरच कळेल. त्यांना आधी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही, म्हणजे तेवढं अजून तसंच आहे. बाबांना आज संध्याकाळी फोन करणार आहे. त्यांचे डोळे बरोबर होते, एवढं तरी त्यांना कळायला हवं.

हेही पत्रकच समजा. एक पान काही झालं नाही. चेहरा या वेळी माझा छापा. आणि मागणी एकच आहे, ती तुमच्याकडे.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला टाकीच्या वरच्या उतारावर काही माणसं हातात आग घेऊन येतील. तिथे जा. मोबाइल खिशात ठेवा. त्यांना त्यांचं नाव विचारा. ती म्हणतील, जरा लांब राहा — तर लांब राहा. आणि त्यापुढे ती जे बोलतील ते शेवटपर्यंत ऐका.